क्रिप्टोचे रुपये करायचेत? भाव नंतर बघा, आधी पैसा कोणाचा ते बघा

रिटर्नचा सीझन लागला की आमच्या ऑफिसात हल्ली एक नवीन गिऱ्हाईक हमखास येतं. पूर्वी जळगावात कर सल्लागाराकडे कोण यायचं, तर सराफ, केळीचे व्यापारी, मेडिकलवाले, भुसावळहून एखादा रिटायर झालेला रेल्वेचा माणूस. आता चोपडा, यावल, शिरपूर, पार शहाद्यापासून पोरं येतात, पंचवीस-सव्वीसची, कोणी बाहेरच्या कंपनीचं व्हिडिओ एडिटिंग करतो, कोणी कोडिंग, कोणी लॉकडाऊनमध्ये गंमत म्हणून दोन-पाच हजारांचं बिटकॉइन घेऊन विसरून गेला आणि आता ते बरंच झालंय. प्रश्न सगळ्यांचा एकच. भाऊ, सगळ्यात जास्त रेट कुठे मिळतो?

मी म्हणतो रेट राहू दे बाजूला, तुझ्या खात्यात जो रुपया येणार आहे तो कोणाच्या खात्यातून येणार आहे ते सांग. पोरं अशी बघतात जसं काही मी विषयच बदलला. पण या सगळ्या भानगडीत खरी गोम तिथेच आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी एक शंका मिटवून टाकू, कारण बँकेत गेलात तर काउंटरवरचा कोणी ना कोणी अजूनही म्हणतो की क्रिप्टोवर बंदी आहे. बंदी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सर्क्युलर काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली होती, ते सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. तरीही बँका ग्राहकांना त्याच जुन्या सर्क्युलरचा हवाला देत बसल्या, तेव्हा ३१ मे २०२१ ला रिझर्व्ह बँकेने स्वतःच सांगितलं की ते आता दाखवू नका, फक्त केवायसी आणि मनी लाँडरिंगचे नेहमीचे नियम पाळा. म्हणजे क्रिप्टो हे चलन नाही, त्याने दुकानात साखर घेता येत नाही, पण घेणं-विकणं गुन्हाही नाही. टॅक्स मात्र दणकून आहे, त्याच्यावर येतोच.

आता रुपये करायचे दोन रस्ते. पहिला म्हणजे भारतातलं, एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी असलेलं एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याचं ॲप चालवणारी कंपनी. मार्च २०२३ पासून या सगळ्या कंपन्या मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आल्यात, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एफआययूने बायनान्स, कुकॉइन वगैरे नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा धाडल्या, मग त्यांच्या वेबसाईट्स बंद झाल्या, त्यातले काही नंतर नोंदणी करून, दंड भरून परत आले. इथे प्रकार सरळ असतो. पॅन, आधार, सेल्फी, बँक खातं स्वतःच्याच नावाचं, एक रुपया टाकून नाव जुळतं का ते बघतात (पॅनवर वडिलांचं नाव मधे आहे आणि पासबुकात नाही, एवढ्यावरून अडकलेली पोरं मी बघितलीत, तेव्हा ते आधीच सारखं करून घ्या). कॉइन विकलं की रुपये आधी त्यांच्या ॲपमधल्या रुपयाच्या वॉलेटमध्ये दिसतात, तिथून विथड्रॉल टाकला की आयएमपीएस नाहीतर एनईएफटीने खात्यात. पासबुकात नाव येतं कंपनीचं. हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा, पासबुकात नाव येतं कंपनीचं.

दुसरा रस्ता पीटूपी, म्हणजे माणसाने थेट माणसाला विकणं. तुम्ही युएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) विकायला काढता, समोर एक माणूस असतो, कुठलातरी, ज्याला युएसडीटी हवेत. ॲप तुमचे युएसडीटी अडकवून ठेवतं, समोरचा तुमच्या खात्यावर यूपीआयने पैसे टाकतो, तुम्ही पैसे आले म्हणून बटण दाबता, युएसडीटी त्याच्याकडे. इथे भाव जास्त मिळतो, एका युएसडीटीमागे दोन रुपये, कधी चार. पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं ते इथेच. आणि पासबुकात नाव येतं कोणा भलत्याच माणसाचं, ज्याला तुम्ही जन्मात बघितलेलं नाही.

तो चार रुपये जास्त का देतो, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. काही जण खरेच साधे व्यापारी असतात, इकडे घेऊन तिकडे विकणारे, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्याच्याकडे चोरीचा पैसा आहे त्याला भावाची पर्वा नसते, त्याला घाई असते. कुठल्यातरी रिटायर्ड मास्तरांना व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस दाखवून डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लुबाडलेले पैसे, ते एका भाड्याच्या खात्यात जातात, तिथून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात, आणि तिथून पीटूपीवर तुमच्याकडे. तुमचे युएसडीटी गेले परदेशातल्या वॉलेटवर, आणि चोरीचा रुपया येऊन बसला तुमच्या खात्यात. केळी एकदा ट्रकमध्ये भरली की कोणाच्या मळ्यातली ते सांगता येत नाही, यूपीआयचा रुपया तसा नाही, तो मागे ज्या ज्या खात्यातून आला त्या सगळ्यांची नावं घेऊन फिरतो. मास्तरांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार पोर्टलवर चढते, आणि मग पहिलं खातं, दुसरं खातं, तिसरं खातं अशी साखळी पकडत बँका होल्ड लावत येतात. तुम्ही चोर आहात का साव, हे त्या टप्प्याला कोणी बघत नाही, बघू शकतही नाही.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. अमळनेरचा आहे, घरी बसून एका परदेशी स्टुडिओसाठी थंबनेल आणि मोशन ग्राफिक्स करतो, चांगलं करतो, पेमेंट युएसडीटीमध्ये. पोरगा हुशार, पण खातं त्याचं आणि आप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, जॉइंट, कारण कॉलेजात असताना काढलेलं ते तसंच चालू. पीटूपीवर एकदा १८,५०० रुपये आले, खरेदीदाराचं रेटिंग एकदम चकाचक, नावही जुळलं, याने युएसडीटी सोडले. सगळं नियमाने. नंतर ऐन वेचणीच्या दिवसांत आप्पा मजुरीचे पैसे काढायला बँकेत गेले, स्लिप भरली, काउंटरवरच्या पोराने स्क्रीनकडे बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाला काका डेबिट फ्रीज आहे, पैसे काढता येणार नाहीत. आप्पांना वाटलं मशीन बिघडलं, म्हणून अर्धा तास तिथेच बाकावर बसून राहिले. कापूस विकलेले पैसे त्याच खात्यात, पीएम किसानचा हप्ता त्याच खात्यात, आणि घरी वेचणीच्या बायांचा आठवड्याचा हिशोब थकलेला.

संध्याकाळी मला फोन. आप्पा मराठीत बोलता बोलता तापले की अहिराणीवर येतात. "मना खातामा चोरना पैसा उना कसा?" (माझ्या खात्यात चोराचा पैसा आला कसा?) याचं एका वाक्यात उत्तर द्यायला मला जमलं नाही.

यात काय करायचं ते सांगतो, कारण इथे पोरं घाबरून भलतंच करून बसतात. टेलिग्रामवर ‘खातं अनफ्रीज करून देतो’ म्हणणारे असतात, त्यांना पैसे देतात, ते दुसऱ्यांदा बुडवतात. ब्रँच मॅनेजरशी भांडतात, मॅनेजर मॅडमच्या हातात खरंच काही नसतं, होल्ड लावायला सांगणारा पोलीस आहे, काढायला सांगणाराही तोच. बँकेकडून लेखी मागायचं ते एवढंच: तक्रारीचा नंबर, कोणत्या राज्यातलं कोणतं सायबर पोलीस स्टेशन, वादातली रक्कम किती, आणि तपास अधिकाऱ्याचा ईमेल. ब्रँच टाळाटाळ करते, तेव्हा अर्ज देऊन पोच घ्यायची, मग आपोआप मिळतं. आमच्या केसमध्ये तक्रार निघाली दक्षिणेकडच्या एका राज्यातली. तिकडच्या अधिकाऱ्याला आम्ही सरळ एक पीडीएफ पाठवली. पीटूपी ऑर्डरचं पान ऑर्डर नंबरसकट, चॅट, युएसडीटी गेल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी, खात्याचं स्टेटमेंट, आणि ते युएसडीटी मुळात आले कुठून त्यासाठी स्टुडिओचं इन्व्हॉइस. सोबत नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. रडगाणं अजिबात लिहिलं नाही, माझे वडील आजारी आहेत वगैरे, कारण तिकडे रोज अशा शेकड्याने मेल येत असणार.

आणि दुसरं पत्र बँकेला, की वादातली रक्कम १८,५०० आहे, तेवढीच अडवा, बाकीचं खातं मोकळं करा. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना तसंच सांगितलेलं आहे, पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा म्हणून. दुसऱ्या राज्यातल्या हायकोर्टाचा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा बंधनकारक नसतो, पण पत्रात लिहिला की लीगल डिपार्टमेंट जागं होतं. झालं तसंच, खातं सुटलं, १८,५०० वर लीन, म्हणजे तेवढ्यापुरता होल्ड, राहिलं, ते अजून आहे. मावसभावाने त्या व्यवहारात रेटमध्ये जास्तीचे किती कमावले होते माहितीये? सहाशे रुपयांच्या आसपास.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, छोटा-मोठा कसाही माणूस असो, रुपये करायचे तर नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर विकून कंपनीच्या खात्यातूनच घ्या, भाव कमी मिळाला तरी. पीटूपी करायचंच म्हणत असाल तर ज्या खात्यात पगार, कापूस, केळी, दुधाचे पैसे येतात ते खातं चुकूनही देऊ नका, वेगळं खातं काढा आणि त्यात पैसे साठवू नका. पैसे पाठवणाऱ्याचं नाव ॲपवरच्या नावाशी जुळलं नाही, ‘मित्राच्या फोनपेवरून टाकतो’ म्हणाला, की ऑर्डर कॅन्सल, पैसे परत, विषय संपला. स्क्रीनशॉट किंवा एसएमएसवर विश्वास ठेवून युएसडीटी सोडायचे नाहीत, बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स बघूनच. पण मावसभावाचं उदाहरण बघा ना, नाव जुळूनही फसलाच. नाव खरं असतं हो, पैसा त्याचा नसतो.

आणि तिसरा एक रस्ता गावागावात सांगितला जातो, रोखीचा. कोणीतरी ओळखीचा म्हणतो तू मला युएसडीटी टाक, मी तुला हातात नोटा देतो, ना बँक ना भानगड. ऐकायला गोड आहे. पण एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, हा इन्कम टॅक्स कायद्यातला नियम २०१७ पासून आहे. दोन लाखाच्या आत घेतले तरी त्या नोटा बँकेत भरायला जाल तेव्हा विचारणार, कुठून आणल्या? काय सांगाल?

आता टॅक्स. इथे बरेच जण शेअर मार्केटचं डोकं लावतात. आपल्याकडे अमळनेरला शेअर काय असतो हे कोणाला शिकवावं लागत नाही, विप्रोची सुरुवातच तिथली, १९४५ ची, आणि आजोबांनी घेतलेले शेअर जपून ठेवलेली घरं अजून आहेत. शेअरमध्ये वर्षभर ठेवलं तर टॅक्स कमी, तोटा झाला तर नफ्यातून वजा. क्रिप्टोला यातलं काहीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. एक दिवस ठेवा नाहीतर दहा वर्षं ठेवा. बाकी उत्पन्न शून्य असलं तरी तेवढाच. खरेदीची किंमत सोडून काहीच वजा होत नाही, ना इंटरनेटचं बिल ना नेटवर्क फी.

आकड्यात सांगतो. एक लाखाचं घेतलं, १,६०,००० ला विकलं. नफा ६०,०००. टॅक्स १८,०००, सेस ७२०, झाले १८,७२०. विकताना एक्स्चेंजने १ टक्का टीडीएस कापलेला असतो (हा १ जुलै २०२२ पासून), तो नफ्यावर नाही, पूर्ण विक्रीवर, म्हणजे १,६००. तो तुमच्या पॅनवर जमा असतो, २६एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या टॅक्सच्या सरकारी नोंदीत) दिसतो, रिटर्नमध्ये वजा करायचा. राहिले भरायचे १७,१२०. आता समजा याच माणसाने त्याच वर्षी दुसऱ्या कुठल्या कुत्र्या-मांजराच्या कॉइनमध्ये ४०,००० घालवले. त्याच्या डोक्यात नफा २०,००० च. सरकारच्या हिशोबाने मात्र ६०,०००, तोटा तोटा म्हणून तिथेच मेला, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते आमच्या ऑफिसात येऊन बघा एकदा.

अजून एक, बिटकॉइन देऊन युएसडीटी घेतले तर ‘मी कुठे विकलंय, रुपये तर आलेच नाहीत’ असं चालत नाही, ती विक्रीच धरली जाते. काही जण वर्षभर या कॉइनमधून त्या कॉइनमध्ये उड्या मारतात आणि मार्चमध्ये फक्त बँकेत आलेल्या रुपयांचा हिशोब घेऊन येतात, तसं नसतं.

मावसभावासारखे जे कामाचे पैसेच क्रिप्टोत घेतात त्यांचं गणित थोडं वेगळं. ज्या दिवशी ५०० युएसडीटी आले त्या दिवशीच्या भावाने ते धंद्याचं उत्पन्न, स्लॅबप्रमाणे. नंतर भाव वाढल्यावर विकले तर मधल्या वाढीवर ते ३० टक्के. युएसडीटी डॉलरला बांधलेलं असल्याने ही वाढ किरकोळ असते, पण दर वेळची नोंद ठेवावी लागते. आणि परदेशातून कमाई केल्याचं जे सर्टिफिकेट बँक देते ते इथे मिळत नाही, कारण बँकेच्या लेखी परदेशातून काही आलेलंच नाही, आलेत ते इथल्याच कोणाचे तरी रुपये. उद्या घरासाठी लोन काढायला गेलात की तिथे अडतं. मी त्याला तेव्हापासून म्हणतोय, बाबा रे क्लायंटला सांग सरळ बँकेत वायर कर, चार पैसे जास्त लागले तरी. तो म्हणतो दादा, क्लायंट ऐकत नाही. असो.

युएसडीटी एक्स्चेंजवर पाठवताना नेटवर्क, म्हणजे ते कोणत्या ब्लॉकचेनवरून जातात, ते बघायचं, हेही सांगून ठेवतो. ट्रॉनवरचा पत्ता इंग्रजी टी ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्स ने, आणि बायनान्सच्या चेनवरचाही शून्य-एक्सच, त्यामुळे गोंधळ होतो. एक्स्चेंज जे नेटवर्क घेतं तेच निवडायचं, आधी दहा युएसडीटी पाठवून बघायचे, पोचले की बाकीचे. विकले की रुपये लगेच खात्यात ओढून घ्यायचे, ॲपमध्ये झोपवून ठेवायचे नाहीत. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स हे भारतातलं एक्स्चेंज हॅक झालं, २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले, आणि सगळे विथड्रॉल बंद, रुपयांचे सुद्धा. त्यात आपल्याकडचीही पोरं होती, स्क्रीनवर बॅलन्स दिसतोय आणि काढता येत नाही.

तसंच व्हॉट्सॲपवर कोणी ‘ट्रेडिंग ॲप’ दिलंय, त्यात तुमचे पाच हजाराचे सत्तर हजार दिसतायत, आणि काढायला गेलं की म्हणतात आधी वीस टक्के टॅक्स भरा, तर ते पैसे नाहीतच, नुसता आकडा आहे. टीडीएस तुमच्या विक्रीतून कापला जातो, काढण्यासाठी आधी भरायला कोणी सांगत नाही. रावेरकडच्या एका काकांनी हा टॅक्स दोनदा भरला, मग आमच्याकडे चलन मागायला आले. शेवटी आम्हीच त्यांना १९३० लावून दिला.

बाकी कागदांचं एवढंच. एक्स्चेंजमधून वर्षाची ट्रेड हिस्टरी डाउनलोड करून ठेवा, ॲप बंद पडायच्या आधी. रिटर्न भरताना ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ फॉर्म नको, आयटीआर-२ नाहीतर ३, त्यात शेड्यूल व्हीडीए (क्रिप्टोच्या विक्रीचा तक्ता) आहे, प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदी, विक्री टाकायची असते. आणि टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स दहा हजार किंवा वर जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा टॅक्स, १५ मार्चपर्यंत पूर्ण भरा, नाहीतर व्याज लागतं. पुष्कळ जण जुलैत आल्यावर त्यावरून माझ्याशी वाद घालतात, तेव्हा कृपया फेब्रुवारीत या, त्या वेळी ऑफिसात गर्दीही नसते.